पंधरा जूनच्या आधी

वाई,
ता. ३० मे

चि. निखिल आणि चि. सौ. अश्विनी,



परवा फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, की सुट्टी मुलांची झाली आणि दमलात तुम्ही दोघं. रजा संपल्या, कोकणातून आणलेल्या धुण्याचा ढीग तसाच आणि शाळेच्या ग्रुपवर याद्यांवर याद्या. "आत्या, यंदा अजून कशाचीच तयारी नाही," म्हणालास. कुकरच्या शिट्ट्या आणि ओवी-मल्हारची भांडणं यांत काही सांगणं शक्य नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. मूल शाळेसाठी तयार आहे की नाही, ते दप्तराकडे बघून मला कधी कळलं नाही. कळायचं मधल्या सुट्टीत. पहिल्या दिवशी सगळ्यांचे डबे नवे, झाकणं घट्ट. कुणाला क्लिप निघत नाही, कुणाला बाटलीचं बूच. माझ्या टेबलासमोर ही मोठी रांग! शेवटच्या मुलाचा डबा उघडेपर्यंत सुट्टी संपल्याची घंटा व्हायची. दोन-चार मुलं मात्र भिंतीशी बसून निवांत जेवत असायची. त्यांचे डबे बहुधा थोरल्या भावंडांचे, पोचे आलेले असत.

तेव्हा मल्हारला नवा डबा घेणारच असाल, तर दुकानात त्यालाच उघडून बघू दे. नाहीतर बालवाडीतला आहे तोच चालू ठेवा. शाळा उघडेपर्यंत रोज दुपारी त्याला त्या डब्यातूनच जेवायला द्या. चड्डीचं बटण लावणं, बूट घालणं आणि "बाई, शूला जायचंय" हे न लाजता सांगणं, एवढं त्याला आलं की पहिलीची तयारी झाली. मुळाक्षरं घोटून घ्यायच्या नादी लागू नका, त्यासाठी बाई आहेत. नाव मात्र प्रत्येक वस्तूवर हवं. खुंट्यांवर टांगलेले निळे रेनकोट सगळे सारखेच दिसतात. अजून वाचता न येणाऱ्या मुलाला नावाचाही उपयोग नसतो, म्हणून कॉलरच्या आत एक मोठं लाल बटण शिवून टाका. ते तो लांबून ओळखेल.

आता तुमच्या दोघांच्या तयारीचं. माझा हिशेब सरळ आहे: सकाळी उठल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत घरात जितकं कमी ठरवावं लागेल, तितकी तयारी चांगली. दमलेल्या माणसाला काम जड जात नाही, काय करायचं ते ठरवणं जड जातं. आज डब्याला काय, रेनकोट कुठे, चित्रकलेची वही आज लागते का, मल्हारला सोडायला कोण जाणार. हे सगळे प्रश्न सकाळी सहाला एकदम अंगावर आले की आवाज चढतात.

यातला डब्याचा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि सोडवायला सगळ्यात सोपा. वार ठरवून टाका. सोमवारी मटकीची उसळ-पोळी, मंगळवारी थालीपीठ, बुधवारी बटाट्याच्या काचऱ्या, गुरुवारी मुगाचं धिरडं, शुक्रवारी तूप-गूळ लावलेली पोळीची गुंडाळी. तेच तेच झालं तरी मुलं कंटाळत नाहीत, कंटाळतो आपणच. मधल्या सुट्टीत जेवायला वेळ थोडा आणि खेळायची घाई मोठी, त्यामुळे रस्सा नको, हाताने पटकन खाता येईल असंच द्या.

आणि निखिल, "मी अश्विनीला मदत करतो की," हे वाक्य तू फोनवर दोनदा म्हणालास. मदत नको करूस, वाटणी कर. सोमवार आणि गुरुवार तुझे असतील, तर शनिवारी रात्री मटकी भिजत घालायची आणि रविवारी फडक्यात बांधून ठेवायची, ही आठवणही तुझी. अश्विनीने आठवण करून द्यायची आणि तू उठून करायचं, यात तिचं डोकं रिकामं होत नाही. घरातली अर्धी दमणूक त्या लक्षात ठेवण्याचीच असते.

यंदा तुमच्याकडे दोन वेळांचा घोळ होणार. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत, असं सरकारने २०२४ मध्ये ठरवलं, त्यामुळे मल्हार आरामात जाईल. ओवी पाचवीत, म्हणजे सकाळचं सत्र. ओवी एकाची आणि मल्हार दुसऱ्याचा, असं आत्ताच ठरवा आणि महिनाभर बदलू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ओवीला सहाला उठायचं, तर नऊला दिवा बंद. सुट्टीत अकरा वाजायची सवय लागली आहे, ती चौदा जूनच्या रात्री एकदम मोडणार नाही. आजपासून रोज थोडं थोडं अलीकडे आणा, आणि सकाळीही तितकंच लवकर उठवा.

दप्तर रात्री जेवणाआधी भरायचं, आणि ज्याचं त्याने. ओवीने वेळापत्रक बघून भरावं, तुम्ही फक्त उचलून बघा. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. वीस किलोच्या मल्हारला दोन किलो, डबा-बाटली धरून. पाण्याची लिटरभराची बाटलीच त्यातला निम्मा वाटा खाते, म्हणून शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर लहान बाटली द्या. त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंही म्हटलंय, तेव्हा त्याला संध्याकाळी खेळू दे.

खरेदीची यादी घाबरवणारी दिसते खरी. पेन्सिल घेऊन बसा आणि घरात असलेल्या वस्तूंवर काट मारा. मागच्या वर्षीची कंपासपेटी, रंग, पट्टी निघेलच. वह्या सुरुवातीला चार-पाचच घ्या. दुरेघी, चाररेघी की चौकटीची, ते बाई वर्गात सांगतात, आणि आधी आणलेल्या डझनातल्या निम्म्या पडून राहतात. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून कच्ची वही होते. जूनमधल्या रविवारी अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी जाऊ नका, एखाद्या कामाच्या दिवशी दुकान उघडताच जा. एखादं पुस्तक मिळालं नाही तर जीव टांगणीला लावू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पहिले दोन धडे छापून घ्या.

गणवेश मात्र दोन जोड हवेतच, पुण्याच्या जूनमध्ये कपडे वाळत नाहीत. ओवीचा जुना स्कर्ट टाकायच्या आधी खालची दुमड उसवून बघा, दोन बोटं कापड निघेल. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. पावसाळ्यात सँडल चालतात का, ते शाळेत विचारा. चालत असतील तर बुटांची खरेदी गणपतीनंतर.

कागदपत्रांत दोनच गोष्टी. मल्हारला पाच पूर्ण झाली, तेव्हा आधारवर बोटांचे ठसे द्यायचे आहेत. आणि पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा बूस्टर राहिला असेल तर तो घेऊन टाका.

पुस्तकांना कव्हरं मुलांनाच घालू देत. वाकडी होतील. होऊ देत.

अश्विनी, तू विचारलंस की पहिल्या आठवड्यात मी येऊन राहू का. येईन, पण दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात नवं दप्तर, नवे बूट, फोटो, सगळ्यांनाच हुरूप असतो. माणूस लागतो तो दुसऱ्या सोमवारी, तेव्हा रेनकोट ओला असतो, तुम्हा दोघांना ऑफिसची घाई असते आणि मल्हार म्हणतो, "मी कालच गेलो होतो शाळेत, आज परत कशाला?" त्याला उत्तर द्यायला मी असेन. तुम्ही दोघं आपापल्या गाड्या पकडा.

मुलांना गोड पापा.

तुमची,
आत्या

ता. क. : दुसऱ्या आठवड्यात सोमवारचा डबा निखिलचाच आहे. मी आले म्हणून वार बदलणार नाही.