पत्र्याखालचा संगणक

मे महिन्यात आमच्या कोरेगावच्या पत्र्याच्या घरात पंखासुद्धा गरम वारा टाकतो. अशा दुपारी बंधुराज जुन्या संगणकावर खेळ मांडून बसतात. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचे तापमान दिसते : ९६ अंश! ८०-८५ पर्यंत काळजी नसते. बहुतेक चिपांची हद्द ९५ ते १०० अंश. तिथे पोचताच चिप आपणहून वेग कमी करते, खेळ अडखळतो आणि बंधुराज चिडतात. मला मात्र त्या चिपचा हेवा वाटतो. उन्हात आले काढणाऱ्या आमच्या आईला ही मुभा नाही. मुकादम बांधावरच उभा असतो!

रविवारी आम्ही पंख्यातली धूळ झाडली, चिपवरची वाळलेली पेस्ट बदलली. आकडा ७८ वर आला. कामावरून आलेली आई म्हणाली, "त्याला गार केलंसा व्हय? आता मला बी वाईच पाणी द्या."