पोथीच्या अक्षरातली चिठ्ठी

सरकारी कारकून आणि चांगुलपणा हे दोन शब्द एका वाक्यात आले की लोक हसतात. हसू देत. वीसेक वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो आहे. ते का हसतात हे बाहेरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

पण त्याआधी मीही बाहेर उभा होतो. 2002 सालचा जुलै महिना. मराठी घेऊन बी. ए. झालो होतो आणि एका खात्यात कनिष्ठ कारकुनाच्या जागा निघाल्या होत्या. अशा अर्जाला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, हे गोव्यात नोकरी शोधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझा अर्ज मामलेदार कचेरीत पडून होता, तलाठ्याचा अहवालही आला होता, फक्त दाखला लिहून सही व्हायची राहिली होती. मी मात्र आळसात दिवस काढले आणि शेवटच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी डिचोलीला पोचलो. कचेरी सुटत होती. पिकल्या केसांचे एक कारकून छत्री काखेत मारून जिन्याकडे निघाले होते. माझं तोंड बघून थांबले.

"केन्ना जाय?"

"फाल्यां."

त्यांनी छत्री परत खुंटीला लावली. कपाट उघडलं, फाईल काढली, दाखला लिहिला, स्वतः आत जाऊन साहेबांची सही आणली आणि शिक्का मारला. वीस मिनिटं लागली असतील. त्यात त्यांची बस गेली. हे मला नंतर कळलं, कारण स्टँडवर ते माझ्याच शेजारी पावसात उभे होते. बसचा विषय त्यांनी काढला नाही. बी. ए.ला कुठला विषय होता, तेवढं विचारलं.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांना मी आठवत नव्हतो. मी सगळी हकीकत सांगितली, छत्रीसकट. ते हसले, "असले सदांच येतात मरे" म्हणाले आणि पेढा अर्धा करून शेजारच्या टेबलावर दिला. मला थोडं वाईटच वाटलं. माझं आयुष्य ज्या वीस मिनिटांवर उभं होतं, ती त्यांच्या हिशेबात कुठे नव्हतीच.

आता तुम्हाला वाटेल की असा माणूस खिडकीत बसल्यावर देवमाणूसच होणार! तसं काही झालं नाही. चार-पाच वर्षांत मी "फाल्यां या" म्हणायला उत्तम शिकलो. त्यात दुष्टपणा नसतो. समोर रांग असते, मान दुखत असते, आणि कागद अपुरा असला की तो परत करणं हे नियमातच बसतं. नियमात बसणाऱ्या गोष्टीचा त्रास होत नाही.

2008 सालच्या एप्रिलमध्ये सत्तरीतली एक म्हातारी आली. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पेन्शनसाठी. जन्मदाखला नव्हता. मी "जन्मदाखला घेऊन या" म्हटलं. आठवड्याने ती घेऊन आली. आता त्यावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळेना. गोव्यात हे नेहमीचं. 1961 पूर्वीच्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या. तिथे शंकर 'एक्स'पासून सुरू होतो आणि केशव 'क्यू'पासून. पुढे रेशनकार्ड करणाऱ्याने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. म्हणजे दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र हवं. मी तसं सांगितलं आणि पुढच्या माणसाकडे बघितलं.

म्हातारी निमूट वळली. पण तिला स्टँडवरून घेऊन आलेला पायलट तिथेच उभा होता. त्याला भाडं मिळालं होतं, तो केव्हाच जाऊ शकला असता. तिच्या गुडघ्यामुळे हात धरून तो तिला जिना चढवून वर घेऊन आला होता. तो म्हणाला,

"सायबा, एकाच फावटीं सगळें सांगलें जाल्यार कितें जाता?"

मला राग आला. मोटारसायकल चालवणाऱ्याने मला काम शिकवावं? पण राग गिळताना अर्ज पुन्हा चाळला, आणि दिसलं की वास्तव्याचा दाखलाही जोडलेला नाही. म्हणजे प्रतिज्ञापत्र घेऊन ती आली असती, तेव्हा मी तिला तिसऱ्यांदा परत पाठवणार होतो. पहाटेची बस, वाळपईला दुसरी बस, मग पायलट. शिवाय ऐन हंगामात काजूच्या बागेत बोंडू वेचण्याचा एकेक दिवसाचा रोज बुडवून. हे सगळं मी विचारल्यावर कळलं. त्याआधी विचारलंच नव्हतं.

"हे सगळं फॉर्मच्या मागे छापलेलं आहे, आजी," मी म्हटलं. म्हणजे अजून स्वतःची बाजू सावरतच होतो.

"पुता, म्हाका इंग्लीश वाचूंक येना. पोथी वाचतां हांव."

आपल्याकडे हे असंच आहे. बोलायची कोकणी, वाचायची मराठी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी बायका श्रावणात शिवलीलामृताचा अकरावा अध्याय न अडखळता वाचतात. मी रद्दीतला एक कागद घेतला आणि पोथीसारख्या ठसठशीत अक्षरात लिहायला लागलो. कुठले कागद, प्रत्येकाच्या किती झेरॉक्स, फोटो किती, प्रतिज्ञापत्र कुठे करायचं, कुठल्या खिडकीवर यायचं. शेवटी लिहिलं, "बुधवारी येऊ नका." बुधवारी आमचे साहेब बैठकीला जात, सह्या होत नसत. हे कुठल्याच फॉर्मवर छापलेलं नसतं.

पंधरा दिवसांनी ती सगळं घेऊन आली. एकही कागद कमी नव्हता. पेन्शन सुरू झाल्याचं काही महिन्यांनी त्या पायलटनेच मला रस्त्यात गाठून सांगितलं, जसा काही तो तिचा मुलगाच.

तेव्हापासून चिठ्ठ्या लिहायची सवय लागली. शेजारचा सहकारी मला "पोथीवाचक बुवा" म्हणायचा. रोज लिहिल्या असं म्हणणार नाही. कंटाळ्याच्या दिवशी आजही "फाल्यां या" तोंडातून निघून जातं.

2014 साली सत्तरीतूनच एक गृहस्थ आले. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून समोर उलगडला. झेरॉक्सची झेरॉक्स, काही ओळी जेमतेम दिसणाऱ्या. अक्षर माझंच होतं. गावातल्या दुकानदाराकडे एक प्रत असते, पेन्शनचं काम असेल त्याला तो काढून देतो, असं ते म्हणाले.

"तुमी बुधवारी कित्याक मेळनात?" त्यांनी विचारलं.

त्या साहेबांची बदली कधीच झाली होती. तरी इतकी वर्षं त्या गावातलं कोणी बुधवारी फिरकलं नव्हतं!

मी पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "आधार कार्डाची झेरॉक्स, 1."