दुसऱ्यांची गाणी



खाखरे शेकताना माझ्या स्वयंपाकघरात काय वाजत असतं, हे आमच्या मंडळात आता सगळ्यांना ठाऊक आहे. बीटल्स. तीही त्यांची स्वतःची गाजलेली गाणी नाहीत, त्यांनी म्हटलेली दुसऱ्यांची गाणी. परवा एका ताईंनी विचारलंच, "इंग्रजी ऐकता ते ऐकता, त्यातही उसनं कशाला?"

अहो, उसनं आपलंही असतंच की! स्तवनांच्या पुस्तिकेत वर 'तर्ज' छापलेली असते, ती बघितल्याशिवाय आपली पेटी सुरू होत नाही. आणि ही सवय काही सिनेमाने लावलेली नाही. जुने जैन कवी रास, स्तवनं रचताना लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घ्यायचे आणि त्या गाण्याचे पहिले शब्द 'देशी' म्हणून वर लिहून ठेवायचे. मोहनलाल दलीचंद देसाईंनी 'जैन गुर्जर कविओ'मध्ये अशा देशींची मोठी यादीच दिली आहे. चाल घेतली, पण कुठून घेतली ते लपवलं नाही. बीटल्सच्या तबकड्यांवरही मूळ गीतकारांची नावं आहेत.

त्यांची पहिली एलपी १९६३ची. १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची. त्यातली १० गाणी ११ फेब्रुवारीला लंडनमध्ये एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली. जॉन लेननला सर्दी, घसा बसत चाललेला. म्हणून 'ट्विस्ट अँड शाउट' अगदी शेवटी ठेवलं, म्हणजे त्यानंतर आवाज गेला तरी काही अडू नये. आयसली ब्रदर्सनी ते आदल्याच वर्षी गायलं होतं, छान, हसतखेळत. लेननचं ऐकताना मात्र माझाच घसा दुखतो. अखंड जापात पहाटे एखाद्या बाईचा आवाज फाटतो, तरी ती थांबत नाही ना, तसं.

आणि ते 'बॉईज'! शिरेल्स नावाच्या मुलींच्या गटाचं, मुलांवर भाळलेल्या मुलींचं गाणं. रिंगो ड्रम बडवत ते खुशाल म्हणतो. मला दर वेळी हसू येतं.

ही गाणी मला माझ्या भावाने दिली. गुलमंडीवरच्या एका दुकानातून त्याने कोरी कॅसेट भरून आणली होती. निवड त्याची, क्रम त्याचा. 'प्लीज मिस्टर पोस्टमन' दोनदा भरलेलं. मूळ गाणं मार्वलेट्सचं, १९६१चं, पत्राची वाट बघणाऱ्या मुलीचं. भाऊ पुण्याला शिकायला गेला तेव्हा आई आणि मी दुपारी खरोखरच पोस्टमनची वाट बघायचो. तो आठवड्याला एक पोस्टकार्ड टाकायचा, तेही चार ओळींचं.

मग त्याने दीक्षा घेतली. वर्षीदानाच्या आधी खोली रिकामी करताना ती कॅसेट माझ्या हातात दिली. बोलला काही नाही.

आता ते महाराजसाहेब आहेत. चातुर्मासात मी वंदनाला जाते, शाता विचारते, ते 'धर्मलाभ' म्हणतात. गाण्यांचा विषय निघत नाही, निघूही नये. त्यांनी सोडलं ते पूर्ण सोडलं. मी संसारी, मी सोडलेलं नाही. कॅसेटची फीत केव्हाच गुंतून तुटली. आता मोबाईलवर ऐकते, पण त्याच क्रमाने. पोस्टमन दोनदा.