शून्य कुठून आलं?

गेली वीस वर्षं मी जळगावात जावा शिकवतोय. समोर जळगाव-धुळ्याची मुलं असली की उदाहरण कापसाचं घ्यायचं, हे ठरलेलं. क्लासचं नाव 'पट्टी', त्यात दोन फील्ड: वजन आणि भाव. जावाने पहिल्यापासून युनिकोड धरलं असल्याने ही नावं देवनागरीत चालतात, फाइल तेवढी युटीएफ-८ मध्ये साठवायची. 'रेट'पेक्षा 'भाव' आमच्या मुलांना लवकर उमगतो.

धुळे तालुक्यातल्या एका मुलाने कन्स्ट्रक्टर लिहिला. वजन दिलं १२ क्विंटल, भाव ७,००० रुपये. प्रोग्राम कुठेही न अडता चालला आणि रक्कम आली ०. पोरगं पडद्याकडे बघत राहिलं. मग म्हणालं, "सर, हाई शून्य कथाईन उनं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कन्स्ट्रक्टरच्या आत त्याची ओळ होती: भाव = भाव. बाहेरून आलेला भाव ऑब्जेक्टमध्ये गेला, असं त्याने धरलं होतं. पण कंसातल्या भावाने फील्डमधला भाव झाकून टाकला होता. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही अंगांना तोच, कंसातला. लिहायला हवं होतं, धिस.भाव = भाव.

मग शून्य? 'न्यू' म्हटल्यावर ऑब्जेक्टला मेमरीत जागा मिळते ती पुसूनच मिळते. संख्येला शून्य, बूलियनला फॉल्स, संदर्भाला नल. कन्स्ट्रक्टर त्यानंतर चालतो. तोंडी परीक्षेत पुष्कळ मुलं सांगतात की शून्य डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर भरतो. तसं नाही. आपण एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही तर कम्पायलर एक रिकामा घालून देतो, इतकंच. आपला एक लिहिला की तो मिळत नाही. आणि ते चांगलंच आहे. भावाशिवाय पट्टी फाडता येऊ नये.

सी शिकून आलेल्यांना हे शून्य म्हणजे सुख वाटतं. तिथे फंक्शनमधल्या व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर आत जुना कचरा सापडतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जावा पुढे आणली तेव्हा ही वाट बंद केली, पण दोन तऱ्हांनी. मेथडच्या आतलं व्हेरिएबल किंमत न देता वापरलं तर कम्पायलर पुढे जाऊच देत नाही, कारण मेथडमधल्या सगळ्या वाटा त्याला तपासता येतात. फील्डचं तसं नाही. कुठली मेथड आधी बोलावली जाईल, हे त्याला आधी कळत नाही, म्हणून तिथे शून्यावर भागवतो. मला या शून्याचीच जास्त भीती वाटते. कचरा आकडा निदान विचित्र दिसतो. शून्य खऱ्या हिशोबासारखं दिसतं.

त्या मुलाला मी ओळ दुरुस्त करू दिली नाही. आधी दोन्ही फील्डपुढे 'फायनल' लिही, म्हटलं. पुन्हा कम्पाइल केलं. आता प्रोग्राम चाललाच नाही. पडद्यावर ओळ आली, व्हेरिएबल भाव माइट नॉट हॅव बीन इनिशियलाइज्ड. त्याने ती बोट ठेवून वाचली, आणि कंसातल्या भावापासून खालच्या ओळीपर्यंत बोट हळूहळू खाली आणलं.