सत्तावीस उल्का आणि एक छायाचित्र

या अंकांत आमच्या नांवावर एक छायाचित्र छापावयाचें होतें. तें छापिलेलें नाहीं. त्याच्या जागीं हा लेख येत आहे. असें कां झालें हें वाचकांस सांगणें आम्हांस भाग आहे, आणि सांगावयाचेंच तर आरंभापासून सांगितलेलें बरें.

आम्ही चौघे एकाच वर्गांतले व मुलुंडच्या पश्चिम भागांत राहणारे. सन २०२३ च्या डिसेंबरांत मिथुन राशींतील उल्कावर्षाव पाहावा व त्याचीं छायाचित्रें घ्यावीं असा बेत आम्हीं केला. निमित्त विज्ञानप्रदर्शनाचें होतें. परंतु खरें विचाराल तर घरच्यांच्या संमतीनें अर्धी रात्र गच्चीवर काढावयास मिळेल, हा लोभच अधिक होता.

हा वर्षाव दरवर्षीं डिसेंबरच्या १३-१४ तारखांच्या सुमारास भरास येतो. इंग्रजी पुस्तकांत ऑगस्टांतील ययाति तारकासमूहाच्या उल्कांचें वर्णन फार रसभरित केलेलें असतें. परंतु मुंबईकरानें तो वर्षाव पाहावयाचा म्हणजे श्रावणांत छत्री उघडून गच्चीवर उभें राहावयाचें! आपल्या वांट्यास मिथुनेच्या उल्काच याव्यात अशी योजना दिसते. त्या वेळीं आकाश निरभ्र, थंडी बेताची, आणि मिथुन रास मध्यरात्रीनंतर जवळजवळ माथ्यावर. तीतील दोन ठळक ताऱ्यांस आपल्याकडे पुनर्वसु म्हणतात. त्यांपैकीं उत्तरेकडच्या ताऱ्याजवळून या उल्का निघतात असा भास होतो. भासच तो. मुलुंड स्थानकाच्या पुलावर उभें राहून ठाण्याच्या दिशेनें पाहिलें असतां समांतर रूळ दूर एका ठिकाणीं मिळालेले दिसतात. तसेच समांतर मार्गांनीं येणारे हे कण एका बिंदूंतून फुटल्यासारखे वाटतात. सन १८३३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत सिंह राशीच्या उल्कांचा जो प्रचंड वर्षाव झाला, त्या वेळीं ही गोष्ट विद्वानांच्या नीट ध्यानांत आली.

बहुतेक उल्कावर्षावांचें मूळ धूमकेतूंत असतें. मिथुनेच्या उल्कांचे जनक मात्र पुष्कळ वर्षें सांपडत नव्हते. सन १९८३ मध्यें 'आयरास' नामक उपग्रहावरील दुर्बिणीनें एक लहानसा गोल हुडकून काढला. त्याची कक्षा या उल्कांच्या कक्षेशीं तंतोतंत जुळली. त्यास फेथॉन असें नांव मिळालें. तो दीड वर्षाच्या आंतच सूर्याभोंवतीं एक फेरी करतो, आणि त्या फेरींत बुधापेक्षांहि सूर्याच्या अधिक जवळ जातो. दिसावयास मात्र धूमकेतूपेक्षां खडकासारखाच. त्याच्यापासून सुटलेले वाळूच्या खड्यांएवढे कण सेकंदास सुमारें ३५ किलोमीटर वेगानें आपल्या वातावरणांत शिरतात आणि जमिनीपासून शंभरएक किलोमीटर उंचीवर पेट घेतात. हा वेग ऐकून छाती दडपते. तथापि सिंह राशीच्या उल्का याच्या दुप्पट वेगाच्या असतात. त्यांच्या मानानें मिथुनेच्या उल्का संथ, कांहींशा डौलानें जाणाऱ्या. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उल्कांचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांची फळें वाचून आमच्यांतील एकानें गच्चीवर जाण्याचा बेत क्षणभर रहितच केला होता. असो.

वर्षाव हा शब्द मात्र फसवा आहे. तो ऐकून डोळ्यांपुढें धारा येतात. पुस्तकांत ताशीं शंभराहून अधिक उल्का लिहिलेल्या असतात, त्या निबिड काळोखाच्या आणि उगमबिंदु थेट माथ्यावर असण्याच्या हिशेबानें. आपल्या उपनगरांत रस्त्यांचे पांढरे दिवे, कारखान्यांचे, गगनचुंबी इमारतींचे व जाहिरातींच्या फलकांचे दिवे मिळून आकाश असें फिकें करून सोडतात कीं, त्या शंभरांतील नव्वद उल्का त्यांतच बुडून जाव्यात. याच कारणास्तव मुंबईचे आकाशप्रेमी लोक पुष्कळ वर्षांपासून रेल्वेनें कर्जतच्या वाटेवरील वांगणीस जाऊन रात्र काढीत आले आहेत. आम्हांसहि तेथेंच जावयाचें होतें. परंतु १४ डिसेंबर हा गुरुवार होता व दुसऱ्या दिवशीं शाळा होती. तेव्हां वडीलमंडळींनीं तो विषय एका वाक्यांत संपविला.

उरली आमची गच्ची. तिची एक थोरवी मात्र आम्हांस त्या रात्रींच कळली. आमच्या पूर्वेस महामार्ग, मिठागरें, खाडी, आणि खाडीपलीकडे ऐरोलीचे झगझगीत दिवे. दक्षिणेस घाटकोपरवरून उतरणारीं विमानें. पश्चिमेस मात्र राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर काळेभोर उभे. सायंकाळीं मिथुन रास पूर्वेच्या उजेडांत उगवते आणि कांहींच दिसत नाहीं. पहांटे तीच रास पश्चिमेस, त्या डोंगरांच्या बाजूस कलते. म्हणून मुलुंडकरानें पहांटेंच उठावें. हा शोध कोणत्याहि पुस्तकांत नाहीं; आम्हीं गच्चीवर उभें राहून लाविला, म्हणून त्याचा आम्हांस थोडा अभिमान आहे.

चंद्राची बारीक कोर सायंकाळींच मावळली होती. तीन वाजतां उठून साडेतीनला आम्ही जागेवर होतों. कॅमेरा आमच्यांतील एकाच्या मामांचा; ते लग्नकार्यांत छायाचित्रें घेतात. त्यांनीं तो देतांना सांगितलें, "कॅमेरा पडला तर तुम्हीहि त्याच्यामागें गच्चीवरून उडी टाका, घरीं येऊं नका." म्हणून तिपाईच्या पायांस आम्हीं तीन विटा बांधल्या. उल्का केव्हां व कोठें दिसेल याचा नेम नसल्यामुळें एकामागून एक चित्रें घेत राहणें एवढाच उपाय असतो. प्रथम पडदा तीस सेकंद उघडा ठेवून पाहिला. चित्र फिक्या चहासारखें आलें. मग पंधरा सेकंद, भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें, आयएसओ १६००, असें ठरवून कळ अडकवून ठेविली. कॅमेरा आपलें काम करूं लागला, आणि आम्ही चटईवर पाठ टेकून आपापली दिशा वांटून घेतली. चौथ्याकडे वही. उल्का दिसतांच ओरडावयाचें, आणि त्यानें वेळ, दिशा व तेज लिहावयाचें, असा नियम.

पहिली वीस मिनिटें कांहींच नाहीं. पश्चिमेस मृग व व्याध उतरूं लागले होते. उत्तरेस सप्तर्षि वर चढत होते. मग एकाएकीं दोन, पाठोपाठ. आमच्यांतील धाकट्यानें इतक्या मोठ्यानें आरोळी दिली कीं, खालच्या मजल्यावरील दिवा लागला. त्यापुढें कधीं दहा मिनिटांत एकहि नाहीं, कधीं तीन. पहिल्या लोकलचा आवाज ऐकूं आला तेव्हां वहींत अकरा नोंदी झाल्या होत्या.

पावणेपांचच्या सुमारास मामांच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर दंव जमलें. तें हातरुमालानें हळूच टिपावें लागे, व तेवढा वेळ चित्रें थांबवावीं लागत. नेमक्या त्याच वेळीं आमच्यांतील एकाच्या आजी चहा घेऊन वर आल्या. पोरें थंडीनें काकडलीं असतील, एवढीच त्यांची काळजी. त्यांनीं किटली खालीं ठेविली, कमरेवर हात देऊन सरळ झाल्या, आणि त्याच क्षणीं पुनर्वसूपासून डोंगराकडे एक उल्का अशी गेली कीं, पाण्याच्या टाकीची सांवली गच्चीवर पडल्यासारखी आम्हांस वाटली. हिरवट पांढरी, आणि मागें क्षणभर राहिलेली रेघ. आजी म्हणाल्या, "अगबाई, तारा तुटला!" आणि लहानपणीं शिकविल्याप्रमाणें त्यांनीं हात जोडले. आम्ही चौघे कॅमेऱ्याकडे पाहत होतों. एकाच्या हातांत रुमाल होता.

या गोष्टीचें दुःख पुढें जें घडलें त्यास बरेंच कारण झालें असें आतां वाटतें. त्यानंतर आम्हांस उल्का नको होत्या. चित्र पाहिजे होतें. पुनर्वसु डोंगराकडे झुकल्यावर आम्हीं कॅमेरा उत्तरेस सप्तर्षींकडे फिरविला. ऐरोलीच्या वर शुक्र झळकत होता. पावणेसहाला पूर्व उजळूं लागली, तेव्हां सत्तावीस उल्का व साडेचारशेंहून अधिक चित्रें घेऊन आम्ही खालीं उतरलों.

शाळेंतून परत आल्यावर चित्रें पाहूं लागलों. शेंकडों चित्रांत ताऱ्यांवांचून कांहीं नाहीं. आणि मग तें आलें! सप्तर्षींच्या खालीं तिरपी, सरळ, दोन्ही टोकांस निमुळती आणि मध्यें ठळक अशी शुभ्र रेघ. आम्हीं एकमेकांस मिठ्या मारल्या. जानेवारी २०२४ मधील प्रदर्शनांत तें चित्र मोठें करून लाविलें. परीक्षकांनीं नांवाजलें, पालकांनीं त्याच्यापुढें उभें राहून आपलीं चित्रें काढून घेतलीं, आणि आमच्या गटास पहिला क्रमांक मिळाला. वार्षिकांत तें छापावयाचें असेंहि ठरलें.

छापण्यापूर्वीं सर्व चित्रें एकावर एक जोडून ताऱ्यांचीं वर्तुळें दाखवावीं, अशी कल्पना आमच्या धाकट्यास सुचली. त्यासाठीं तो एकेक चित्र क्रमानें पाहत होता. त्या प्रसिद्ध चित्राच्या आधींच्या चित्रांत त्यास केंसासारखी एक अस्पष्ट रेघ दिसली. ठळक रेघ जेथें सुरू झाली होती, तिच्या थोडी अलीकडे ती संपत होती. नंतरच्या चित्रांत तीच रेघ पुढें चालू होती. उल्का एकदोन सेकंदांत विझते. ही वस्तु तीन चित्रें, म्हणजे पाऊण मिनिट, आकाशांतून चालली होती. रेघ मागें वाढविली तर ती पुनर्वसूकडे जात नव्हती; सरळ उत्तरेकडून येत होती. तो कृत्रिम उपग्रह होता. आम्ही काळोखांत असलों तरी तेवढ्या उंचीवर सूर्यप्रकाश पोंचला होता, आणि उपग्रहाच्या एखाद्या सपाट भागावरून तो कांहीं क्षण आमच्याकडे परतला होता.

धाकट्यानें हें आम्हां तिघांस जिन्यांत सांगितलें. आम्हीं त्यास चूप बसविलें, हें येथें लिहितांना आम्हांस लाज वाटते. एक म्हणाला, परीक्षकांस जें कळलें नाहीं तें कोणास कळणार? दुसरा म्हणाला, आपण मुद्दाम फसविलें नाहीं, मग दोष कसला? तिसऱ्याचें म्हणणें असें कीं, उल्का तर आपण खरोखरच पाहिल्या. चित्र कोणत्या रेघेचें आहे यानें काय बिघडतें? हें शेवटचें म्हणणें आम्हांस फार पटलें. नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत धाकटा आमच्याबरोबर डबा खावयास बसला नाहीं. छापखान्याकडे चित्र पाठविण्याचा दिवस जवळ आला तेव्हां आम्ही चौघे विज्ञानाच्या बाईंकडे गेलों. कोण प्रथम बोललें हें आठवत नाहीं. बहुधा सगळे एकदम.

बाई रागावल्या नाहींत. तिन्ही चित्रें त्यांनीं क्रमानें टेबलावर मांडावयास लाविलीं. मग विचारलें, "हें किती वाजतांचें?" पांच चौतीस. "वही आणा." वही दप्तरांतच होती. प्रदर्शनाच्या दिवसापासून ती आम्हीं उघडलीच नव्हती. बाईंनीं पान काढिलें आणि बोट ठेवून मोठ्यानें वाचलें: "५-३४. उत्तरेस संथ ठिपका, क्षणभर तेजस्वी. उपग्रह." अक्षर आमचेंच होतें. गच्चीवर, त्या क्षणीं, आमच्यांतील एकानें तो डोळ्यांनीं पाहिला होता, ओळखला होता, आणि दुसऱ्यानें लिहूनहि ठेविला होता. बाईंनीं वही मिटून परत दिली. त्यांनीं एक शब्द अधिक उच्चारला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

प्रमाणपत्र आम्हीं परत केलें. पहिला क्रमांक पावसाचें पाणी साठविण्याचा प्रयोग करणाऱ्या गटास मिळाला. त्या गटानें आठवडाभर आम्हांस 'उपग्रह' अशी हांक मारिली. ती रास्तच होती, फक्त मधल्या सुटींत जरा कमी मारावयास हवी होती.

बाईंच्या सांगण्यावरून आम्हीं साडेचारशें चित्रें पुनः तपासलीं, या वेळीं वही शेजारीं ठेवून. चार संध्याकाळीं गेल्या. चार वाजून अठरा मिनिटांच्या एका चित्रांत व्याधाच्या वर नखाएवढी पुसट रेघ सांपडली. आधींच्या चित्रांत ती नाहीं, नंतरच्या चित्रांत नाहीं. मागें वाढविली तर पुनर्वसूच्या उत्तरेकडच्या ताऱ्यापाशीं जाते. आणि वहींत चौदा अंकांपूर्वीं नव्हे, नेमकी त्याच मिनिटास, "पश्चिमेस, मंद" अशी नोंद आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर उपग्रहाचीं तीन चित्रें व हें एक, अशीं चार लाविलीं. पाहुणे पहिल्या तिहींपुढें थांबतात. चौथें चित्र छापलें असतां कागदावर उमटणारच नाहीं असें छापखान्यानें कळविलें, म्हणून तेंहि येथें नाहीं.

चित्रें लाविल्यावर आजींना दाखवावयास आम्ही शाळेंत घेऊन आलों. त्यांनीं चष्मा पुसून चारहि नीट पाहिलीं आणि विचारलें, "ह्यांत माझी कोठली?" तेव्हां वही काढून आम्हीं त्यांस ती ओळ दाखविली: "४-५२. पश्चिमेस. अतितेजस्वी, हिरवट. चित्र नाहीं. आजी वर आल्या होत्या."