पडदे रंगवणाऱ्याचा कॅमेरा

माझा भाचा दहावीत आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर गेला की मोबाईलवर धडाधड फोटो काढतो. परवा म्हणाला, "मामा, बटण दाबलं की फोटो येतो. त्यात कला कसली?"

प्रश्न जुनाच आहे, बरं का! अमेरिकेत आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराच्या काळीही लोक हेच विचारायचे. हा पठ्ठ्या १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या हिमवादळात तीन तास उभा राहिला, मनासारखं दृश्य जुळेपर्यंत! छायाचित्र हेही चित्रच, हे पटवून द्यायला त्यानं १९०३ पासून 'कॅमेरा वर्क' नावाचं त्रैमासिकही चालवलं.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर होते. आडनाव मेस्त्री, जन्म १८९० चा. आनंदराव आणि बाबूराव ही जोडी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची. सिनेमा काढायचं वेड दोघांनाही. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी मग दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा चक्क इथंच बनवला!

सोपं नव्हतं ते. हातानं दांडा फिरवायचा. फिल्म सरकते, क्षणभर थांबते, चित्र उमटतं, पुन्हा सरकते. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा! त्यात जरा गफलत झाली की पडद्यावरचं चित्र थरथरलंच. त्या कॅमेऱ्यावर केलेला 'सैरंध्री' १९२० मध्ये आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं.

मला गंमत वाटते ती पुढेच. पडदे रंगवण्यात हातखंडा असलेल्या या माणसानं सिनेमात रंगवलेले पडदे नाकारले आणि खरेखुरे सेट उभारले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये शेतकऱ्याची झोपडी अंधुक उजेडात दाखवली, जोडीला रडणारं कुत्रं. मूकपट होता तो, तरी पाहणाऱ्यांच्या ते लक्षात राहिलं. अंधार अंधारच ठेवायचा, हे चित्रकारालाच सुचणार.

वाईट एवढंच, की तो मूकपट आज उरलेला नाही. त्या काळची फिल्म भुरुभुरु जळायची. बाबूरावांचे बहुतेक मूकपट असेच गेले.

मात्र त्यांच्या हाताखाली शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा 'संत तुकाराम' आजही बघायला मिळतो. बघाल तेव्हा घटकाभर संवादांकडे लक्ष देऊ नका. उजेड कुठून येतोय, तेवढंच बघा.