चपलेचा अंगठा

चपलेचा अंगठा गेला. कोल्हापुरी, खास सांगून करवून घेतलेली! पण बंड्यावर ओरडायची सोय नाही. आवाज चढला की स्वारी थेट दिवाणाखाली. रस्त्यावरचं गावठी पिल्लू, माणसाच्या उगारलेल्या हाताचा त्याला काय अनुभव असेल कोण जाणे.

वय साधारण पाच महिने. दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येण्याचा काळ. हिरड्या शिवशिवतात, काही चावल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात घर नवं, कुकरच्या शिट्ट्या नव्या. चावत बसला की भीतीही जरा उतरते. म्हणून चपला आता कपाटात आणि त्याच्यापुढे फ्रीजरमधलं गाजर. दोन पंजांत ते उभं धरून, मान तिरकी करून, मागच्या दाढांनी कडाकडा फोडतो. चपलेसाठी मागे धावलं की पळतो. गाजर दाखवलं की चप्पल आपसूक सुटते. रोकडा व्यवहार.

शेजारच्या काकूंनी प्रेमाने मटणाची हाडं आणली, ती परत केली. शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात, घशात रुततात. काकू फुगल्यात. फुगू देत.

दिवाणाखाली गोधडी अंथरली आहे. तिथून बंड्याला कुणी ओढून काढायचं नाही, असं नातवाला बजावलं. त्याने लगेच विचारलं, ‘‘आजी, अभ्यासाच्या वेळी मीपण तिथे बसू?’’